आबा : समाप्त

हसू नका आधी. चहा घ्या, शेव घ्या, आणि मग ऐका. एका शनिवारी दुपारी, अडीच ते पावणेतीनच्या दरम्यान, मी माझ्या सासऱ्यांना संपवलं. तेही शुद्ध मराठीत!

अहो नाही, तसं काही नाही. आबा ठणठणीत आहेत. इंदौरच्या राजेंद्र नगरात आमच्या घरापासून तिसऱ्या गल्लीत एकटेच राहतात, आणि ते फोनवर बोलायला लागले की आम्हाला इकडे फोन न लावताच ऐकू येतं. पण त्या शनिवारी ते गेल्याची खबर त्रेसष्ट जणांना पोचून श्रद्धांजलीसुद्धा सुरू झाली होती. आणि ती खबर, माझ्या नावानिशी, मीच सगळ्यांना पाठवली होती.

कशी? तर त्याला कारण एक वही. मतलब, वही नाही, सॉफ्टवेअर. थांबा, मुळापासून सांगतो.

मी एका विमा ऑफिसात कॉम्प्युटर सांभाळतो. तो झाला धंदा. शौक दुसराच आहे. जुन्या जमान्यात मराठी-हिंदी टायपिंगचे फॉन्ट वेगळे असायचे, आठवतं? तेव्हाची फाइल आज उघडली की अक्षरांच्या जागी नुसते कंस, डॉलर आणि उद्गारचिन्हं! जणू कुणी कीबोर्डवर मांजर सोडलंय. अशा फाइली पुन्हा वाचण्याजोग्या करणारा एक छोटा प्रोग्राम आम्ही काही जणांनी बनवला. नाव ‘सुलट’. ओपन सोर्स आहे. म्हणजे वापरायला फुकट, आणि आतला कोडही सगळ्यांसाठी उघडा. कुणीही बघा, कुणीही सुधारा.

आम्ही काही जण म्हणजे मुख्यतः प्रज्ञा. राहते महूला, नोकरी बँकेत. तिचे आजोबा फौजेत होते, आणि घरातली ती सगळी शिस्त तिच्या कोडात उतरलीय. ओळी अशा की परेडला उभ्या! मी आहे तो गर्दी वाढवायला.

आणि आबा? ते आमचे पहिले वापरणारे. सरकारी ऑफिसात टायपिस्ट होते, मग हेडक्लार्क झाले. रिटायर झाल्यावर कपाटभर जुन्या फाइली घेऊन बसले. ‘सुलट’ मधल्या चुका त्यांच्याइतक्या कुणी पकडल्या नाहीत. म्हणून एक दिवस मी त्यांचा नंबर, पत्त्यासकट, आमच्या वेबसाइटच्या पानावर मदतीसाठी टाकला. बस! हातोदचा टायपिस्ट असो, गौतमपुऱ्याचे मास्तर असोत, अडकले की आबांना फोन. आबांना यातल्या एकानेही कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. पण आवाज? आवाज सगळ्यांच्या कानात पक्का!

पंचाईत अशी की तक्रारी यायच्या चारही दिशांनी. काही आबांच्या फोनवर, काही माझ्या व्हॉट्सअ‍ॅपवर, काही प्रज्ञाच्या ईमेलवर. एक तर मला पोह्यांच्या दुकानात, तोंडात जलेबी असताना सांगण्यात आली. ‘ज्ञ’ फुटतो ही तक्रार चौघांनी केली, आम्ही तिघांनी तीन वेळा दुरुस्त केली, आणि तिसऱ्या दुरुस्तीत ‘क्ष’ फोडून ठेवला.

प्रज्ञा म्हणाली, “मंदारदादा, आता बग ट्रॅकर लागेल.”

बग म्हणजे प्रोग्राममधली चूक. बग ट्रॅकर म्हणजे त्या चुकांची नोंदवही. कुणी तक्रार केली, किती मोठी, कोण दुरुस्त करतंय, झाली की नाही, सगळं एका जागी. आणि काही हललं की संबंधितांना आपोआप ईमेल.

ही आपोआप ईमेल लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती.

आता असली सॉफ्टवेअरं बाजारात ढिगानं आहेत. निवडायचं कसं? प्रज्ञाचं म्हणणं असं की, आपला प्रोग्राम उघडा तर वहीही उघड्या कोडाची हवी, उद्या कुणी कंपनीने शटर खाली ओढलं तर आपल्या तक्रारी आत अडकायला नकोत. आबांचं म्हणणं, “खातं उघडा, पासवर्ड टाका, गाड्या ओळखा, सिग्नल ओळखा, हे काही चालायचं नाही. साधी ईमेल केली की तक्रार नोंदली गेली पाहिजे.” माझं म्हणणं, मराठी दिसायला पाहिजे. आपण अक्षरांची सेवा करतो आणि वही इंग्रजीत? छे!

पहिलं बघितलं ते फार देखणं होतं. पण कोड बंद, आणि पासवर्डशिवाय आत पाऊल नाही. गेलं. दुसरं अगदी मजबूत, जुनं, उघड्या कोडाचं. पण एक तक्रार लिहायला इतके रकाने की पासपोर्टचा फॉर्म परवडला. गौतमपुऱ्याच्या पाटीदार मास्तरांना मी ते वापरून बघायला सांगितलं. त्यांचा फोन आला, “भिया, इतनी देर में तो मैं पूरी फाइल हाथ से टाइप कर लूँ!”

तिसरं होतं साधंच. दिसायला जुन्या बसच्या तिकिटासारखं. पण ईमेल घेतं, ईमेल देतं, आणि त्यातले शब्द आपल्या भाषेत बदलता येतात. झालं, मी बसलो भाषांतराला!

आणि इथे मी फार हुशारी केली. आमच्या लोकांत निम्मे मराठी, निम्मे हिंदी. मग शब्द असे शोधले की दोघांना एकदम कळतील. ‘क्लोज्ड’ला लिहिलं ‘समाप्त’. ‘सिव्हिअर’ला ‘गंभीर’. आणि ‘दुरुस्त करता येण्यासारखं नाही’ याला ‘सुधार असंभव’. स्वतःच्या पाठीवर हात पोचत नव्हता, नाही तर थोपटून घेतली असती.

शनिवारी दुपारी वाटलं, चालवून बघू. आमच्या सगळ्या वापरणाऱ्यांची यादी, त्रेसष्ट नावं, त्यात चढवली. प्रज्ञानं आदल्या दिवशीच बजावलं होतं, “दादा, खोट्या नोंदी करताना टेस्ट एक, टेस्ट दोन एवढंच लिहा. जास्त डोकं लावू नका.”

टेस्ट एक, टेस्ट दोन? त्यात काय मजा! बाहेरच्या खोलीत मी एकटा, कल्याणी, म्हणजे माझी बायको, आत तयार होत होती. मी लिहिलं :

नोंद १. आबा. अडचण : आवाज कमी होत नाही.

नोंद २. कल्याणी. अडचण : प्रश्न विचारला की उत्तराऐवजी प्रश्नच येतो. तीव्रता : गंभीर.

एकटाच खी-खी हसलो. मग बघावं म्हटलं, नोंद बंद कशी होते. पहिली नोंद उघडली, ‘सुधार असंभव’ निवडलं आणि ‘समाप्त’ दाबलं. दोन्ही नोंदींच्या खाली एका चौकोनात आधीपासूनच बरोबरची खूण होती. तिच्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘सर्व सदस्यांना सूचना पाठवा’. कुणी केलं होतं ते भाषांतर? मीच! वाचलं का? वाचलं असतं तर आज तुम्हाला काय सांगत बसलो असतो?

तेवढ्यात कल्याणी ओरडली, “अहो, चला! डॉक्टर थांबणारेत का तुमच्यासाठी?”

कारण तीन वाजता माझ्या दाढेचा मुहूर्त होता. खालची डावी दाढ कैक महिने ठणकत होती. कल्याणीनं मला स्कूटरवरून दवाखान्यात सोडलं आणि ती भाजीला गेली. मी फोन मुका करून खिशात टाकला आणि खुर्चीत आडवा झालो. इंजेक्शन दिलं. डावा जबडा, ओठ आणि अर्धी जीभ एकदम रजेवर!

पाऊण तासानं दाढ हातात घेऊन बाहेर आलो. फोन काढला. एकोणतीस मिस्ड कॉल!

बघतोय तोवर तिसावा आला. पाटीदार मास्तर. आवाज एकदम ओला.

“मंदार भिया... बहुत बुरा हुआ।”

मला भरून आलं. दाढ काढली हे यांना कुणी सांगितलं? बहुतेक कल्याणीनं. मी म्हटलं, “हाँ आस्साब...” ओठ नव्हते हो जागेवर. ‘मास्साब’ मधला ‘म’ गळून पडला.

“कब हुआ?”

“अही... आहा घंटा हुआ.”

“पहले से तकलीफ थी क्या?”

“हहुत दिन से.”

“डॉक्टर ने क्या कहा?”

“ओले, जल तक सल गया था. अह निकालना ही था.” जड़ तक सड़ गया था. दाढ हो!

पलीकडून आधी ‘अरेरे’ आलं. मग नाक ओढल्याचा आवाज. “रो मत भिया, रो मत। मैं आज इंदौर में ही हूँ, स्कूल के काम से आया था। सीधा घर आता हूँ। भाभीजी की हालत कैसी है?”

“आजी लेने गई है,” मी म्हटलं. भाजी. पण त्यांना काय ऐकू आलं देव जाणे. फोन ठेवला त्यांनी.

मी तिथेच दवाखान्याच्या पायरीवर बसून विचार करतोय, बघा, काय माणसं असतात! एका दाढेसाठी एवढा जीव! आणि सहज म्हणून ईमेल उघडली.

वरच होतं :

आबा : समाप्त.
कारण : सुधार असंभव.
सूचना देणारा : मंदार.
आपण केलेल्या सहकार्याबद्दल आभार.

त्याच्या खाली दुसरं : कल्याणी : गंभीर.

आता मला सांगा, जबडा बधिर असला म्हणून काय झालं, बाकी अंगाला घाम फुटायचा थोडाच राहतो? गेल्याच वर्षी आबांची अँजिओप्लास्टी झालेली. ते सगळ्यांना ठाऊक. आबाच फोनवर फाइल दुरुस्त करता करता लोकांना आपल्या हृदयाचा नकाशा समजावून सांगत असत. म्हणजे खबरीवर शंका घ्यायला कुणाला जागाच नव्हती. वडील गेले, ऐकून मुलगी गंभीर, आणि जावई फोन उचलत नाही म्हणजे बिचारा धावपळीत असणार. कल्याणीला तर कुणी फोनही करेना. गंभीर बाईला कोण फोन करतं?

मी मास्तरांना उलटा फोन लावला. घाबरलो की आम्हा इंदौरवाल्यांची मराठी-हिंदीची खिचडी होते. मला म्हणायचं होतं, आबा बरे हैं. तोंडातून निघालं, “आस्साब! आहा हरे हैं! हरे!”

“हाँ भिया,” मास्तर म्हणाले, “हरे राम, हरे राम। हिम्मत रखो।”

बोलणं शक्य नाही म्हटल्यावर मी डोकं चालवलं. लिहूया! त्याच ईमेलला उत्तर दिलं, ‘घाबरू नका. आबा घरीच आहेत.’ आणि पाठवलं. सुटलो!

कुठला सुटतोय? ईमेल गेली वहीत. वहीनं ती इमानेइतबारे नोंदली आणि पुन्हा त्रेसष्ट जणांना पाठवली. ‘आबा : समाप्त. नवीन माहिती : घाबरू नका. आबा घरीच आहेत.’

म्हणजे काय झालं? म्हणजे अजून नेलं नाहीये, अंत्यदर्शन मिळेल, या!

प्रज्ञाचा मेसेज तेवढ्यात आला. ‘दादा, मी बँकेतून आत्ता बघितलं. ईमेल बंद केलीय. तुम्ही आता कशालाही हात लावू नका. आबांकडे जा. ते फोन उचलत नाहीत.’

ते शेवटचं वाक्य मी दोनदा वाचलं.

कारण त्रेसष्ट नावांत आबांचंही नाव होतं. स्वतःच्या नावापुढे ‘समाप्त’, कारण ‘सुधार असंभव’, आणि लिहिणारा जावई! हृदयात दोन स्प्रिंगा बसवलेल्या माणसानं हे वाचलं तर? मी फोन लावला. वाजतोय. परत लावला. वाजतोय. आबा, जे पहिल्या घंटीला उचलून “बोला!” म्हणतात, ते उचलत नाहीत.

खरं सांगतो, तोवर ती गंमत होती. त्या क्षणापासून नव्हती. रिक्षात बसलो आणि मनात एकच, अरे देवा, मी लिहिलेलं खरं तर झालं नाही ना? मला बाप लवकर गेला. स्कूटर शिकवायला, घराचे कागद बघायला, ताप आला तर कपाळावर हात ठेवायला हाच माणूस होता. आणि मी त्याच्या आवाजावर विनोद करत बसलो. हातातली दाढ मी इतकी घट्ट आवळली होती की तळव्यावर तिचा ठसा उठला.

रिक्षावाल्यानं विचारलं, “भिया, कोई गुजर गया क्या?”

मी मान हलवली. हो की नाही, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

गल्लीत वळलो तर आबांच्या फाटकाच्या आत दहा-बारा माणसं. शेजाऱ्यांनी खुर्च्या आणून मांडलेल्या. सगळ्यांच्या माना खाली. एकाच्या हातात झेंडूचा हार.

 रिक्षातून उतरलो तो तिथेच फाटकाला धरून उभा राहिलो. झालं, म्हटलं. संपलं.

आणि मग दिसलं. घोळक्याच्या मधोमध, एका प्लास्टिकच्या खुर्चीवर, फिरायला जायचे बूट घालून, हात जोडून, अतिशय गंभीर चेहऱ्यानं आबा बसले होते. स्वतःच्याच बैठकीला!

झालं होतं असं. आबा फोन घरात ठेवून फिरायला गेले होते. परत येतात तर दारात अनोळखी माणसं, हार. आबांना वाटलं, वरच्या भाडेकऱ्याकडे काही झालं. त्यांनी शेजारच्या माणसाला हळूच विचारलं, “कौन गया?” तो माणूस म्हणजे पाटीदार मास्तर. ते म्हणाले, “अपने आबाजी, फोनवाले।” खुर्च्या मांडून शेजारी पुढच्या तयारीला बाजारात धावले होते, आणि बाकी कुणी आबांना चेहऱ्यानं ओळखत नव्हतं.

आता दुसरा कुणी असता तर किंचाळला असता. आबा? आबांनी एक खुर्ची ओढली आणि बसले. आयुष्यात असा चान्स कुणाला मिळतो हो? फक्त आवाज बाहेर पडू द्यायचा नव्हता, कारण आवाज निघाला की ओळखलं असतं. म्हणून वीस मिनिटं तो माणूस कुजबुजत होता. आमच्या घराण्याच्या इतिहासात हे पहिल्यांदा घडलं!

मी पोचलो तेव्हा मास्तर सांगत होते, “मेरे पिताजी की चिट्ठियाँ थीं साहब, पुराने फॉन्ट में टाइप की हुईं। मैं तो समझा कि गईं। आबाजी ने चार दिन फोन पर बैठकर, एक-एक अक्षर करके निकलवाईं। ऐसा आदमी नहीं मिलेगा।”

आबा मान हलवत कुजबुजले, “और? और क्या करते थे?”

हातोदचा टायपिस्ट म्हणाला, “आवाज बहुत बड़ी थी उनकी। पर साब, दिल उससे भी बड़ा।”

मी पुढे धावलो. “आहा!” ओरडलो. “आहा!” चार जणांनी मला धरलं. “सँभालो, दामाद है, दामाद है!” कुणी पाणी पाजायला लागला, ते बधिर ओठावरून सगळं शर्टावर. मी बोट दाखवतोय, आबा हळूच ओठावर बोट ठेवून मला गप्प करतायत, थांब, अजून दोघांचं बोलायचं राहिलंय!

पण मला काही आवरलं नाही. मी जाऊन त्यांच्या गुडघ्याला मिठी मारली आणि भोकाड पसरलं. खरंच रडलो. अर्ध्या तोंडानं, पण पूर्ण रडलो.

मग आबांनाही राहवलं नाही. त्यांच्या नेहमीच्या आवाजात म्हणाले, “अरे मंदारराव! मी मेलो तर इतकं रडताय, जिवंतपणी कधी वेळेवर फोन तरी उचलत जा!”

मास्तर खुर्चीतून दोन हात उडाले. “ये... ये तो आबाजी की आवाज है!”

टायपिस्ट तर घाबरून फाटकाबाहेर पोचलाच होता. आणि नेमकं त्याच वेळी स्कूटरवरून, पायाशी मेथीची जुडी, अशी कल्याणी आली. मास्तर तिच्याकडे बघून हात जोडून म्हणाले, “भाभीजी, आप तो गंभीर थीं!”

“काय चाललंय इथे?” कल्याणी म्हणाली.

कोण काय सांगणार? मी दाढ दाखवली.

पुढचा अर्धा तास म्हणजे माझा कबुलीजबाब. तोंड हळूहळूच जागेवर येत होतं, म्हणून कागदावर लिहून, हातवारे करून. कल्याणीनं नोंद दोन वाचली. माझ्याकडे बघून म्हणाली, “मी प्रश्नाला प्रश्न विचारते? कधी विचारला?” सगळे हसले. का हसले ते तिला कळलं नाही आणि मी सांगायच्या मनःस्थितीत नव्हतो.

मग आबांनी फोन मागवला, चष्मा लावला, आणि स्वतःची नोंद वाचायला घेतली. आवाज कमी होत नाही. सुधार असंभव. समाप्त.  मी मान खाली घालून उभा. आता जे काय बोलायचं ते बोलू देत, म्हटलं, कमीत कमी बोलतायत तरी!

आबांच्या कपाळावर आठी चढली.

“मंदारराव, हा ‘समाप्त’ शब्द कुणी घातला?”

“मी.”

“चाळीस वर्षं ऑफिसात काढली मी. प्रकरण समाप्त होत नसतं. हिंदीत ते नस्तीबद्ध होतं, मराठीत निकाली निघतं. समाप्त होतो तो माणूस! शब्द बदला.”

बस. एवढाच राग! आवाजाबद्दल अवाक्षर नाही. मला वाटलं, छातीवरून कुणीतरी पोत्यांचा ट्रक उचलला. मी पुन्हा रडणार होतो, पण कल्याणीनं हातात मेथी दिली निवडायला.

मास्तर हाराकडे बघत संकोचून म्हणाले, “अब इसका क्या करें?”

“आणलाय तर घाला की!” आबांनी मान पुढे केली. टाळ्या झाल्या. कल्याणीनं पोहे टाकले, कुणीतरी कोपऱ्यावरून जलेबी आणली, आणि श्रद्धांजलीला आलेली मंडळी दोन-दोन प्लेटा खाऊन, आबांबरोबर फोटो काढून, हसत घरी गेली.

आणि निवडीचं काय झालं? तीच तर गंमत. रविवारी सकाळी आम्ही फोनवर बैठक घेतली, प्रज्ञा, आबा आणि मी. मला वाटलं, ते तिसरं सॉफ्टवेअर आता गेलं. मी मुकाट दुसऱ्याचं नाव पुढे केलं.

“का?” प्रज्ञा म्हणाली. “सॉफ्टवेअरनं काय चुकवलं? ईमेल वेळेत पोचली. सगळ्यांना पोचली. उघडून वाचली गेली. वाचून माणसं हार घेऊन घरापर्यंत आली. दादा, याच्यापेक्षा मोठी टेस्ट मी बँकेत पण बघितली नाही. चूक त्याच्यात नव्हतीच.”

चूक कुणात होती, ते ती बोलली नाही. फौजी घराणं, पडलेल्याला मारत नाहीत. फक्त इतकंच म्हणाली, “चालवायचे अधिकार मात्र मी माझ्याकडे घेतलेत.”

आबा म्हणाले, “ठरलं मग. तिसरंच.”

शब्द बदलले, खोट्या नोंदी पुसल्या, आणि दुपारी वही सगळ्यांसाठी खुली झाली. पहिली खरी तक्रार आली ती आबांच्या ईमेलवरून. मोठ्या हौसेनं उघडली :

‘मंदार. अडचण : बटण दाबण्याआधी वाचत नाही.’

मी म्हटलं, ठीक आहे, घ्या हसून. सासरे आहेत, आणि जिवंत आहेत, आणखी काय पाहिजे? खाली एक हिरवं बटण होतं. ते काय आहे बुवा, प्रज्ञानं नवीन टाकलेलं दिसतंय, म्हणून मी सहज दाबून बघितलं.

दाबल्यावर त्यावरची अक्षरं वाचली, ‘मलाही हीच अडचण आहे’. लगेच फोन वाजला. ईमेल. मला, आबांना, कल्याणीला, मास्तरांना, अख्ख्या यादीला :

‘मंदार यांना मंदार यांच्याबाबत हीच अडचण आहे.’